पायरीवरचं पायताण

हे लिहायला घेताना आधी क्षमा मागतो. स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहावीत असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवला, वेळेवर निवृत्त झालो, आणि आता संध्याकाळी मोटारीचं पाणी आलं की झाडांना घालतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, एवढंच काय ते वेगळेपण; आणि तेही त्या काळी आमच्या भागातल्या पुष्कळ पोरांचं होतं. पण परवा माझ्या आत्याच्या मुलाचा, दत्ताचा, फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यानं एक बातमी सांगितली, आणि त्या रात्री जेवण काही गेलं नाही. बातमी शेवटी सांगेन. ती कळण्यासाठी बारामतीतल्या एका चर्चची पायरी आधी दाखवायला हवी.

आमचं गाव कऱ्हाटी. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तरुणपणी ते मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जायचे. पुढे मेंढरं विकून त्यांनी जिराईत तुकडा धरला, तरी खांद्यावरचं घोंगडं काही उतरलं नाही. मी बारावी झालो तेव्हा बारामतीत कुठं राहायचं हा प्रश्न सुशीलामावशींनी सोडवला. मावशी आमच्या भागात नर्स होत्या. माझा जन्म त्यांच्याच हातावर झाला, असं आई सांगायची. निवृत्त झाल्यावर त्या चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. "पोरगं माझ्याकडं ठेवा. माझ्या हातानंच जगात आलंय, उपाशी न्हाय ठेवायची," एवढं त्या आईला म्हणाल्या आणि माझी वळकटी त्यांच्या पडवीत येऊन पडली. आम्ही धनगर, त्या ख्रिस्ती. आईनं निघताना एकच सांगितलं, "त्यांच्या देवाला पाठ करून झोपू नगंस."

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे रस्त्यावरून माळेगावच्या कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांचे घुंगूर, मागोमाग गाणी लावून जाणारा एखादा ट्रॅक्टर, मग मावशींचा स्टोव्ह, आणि रविवारी देवळातली पेटी. होय, मावशी चर्चला 'देऊळ'च म्हणत. पेटीचा एक सूर अडकायचा. वाजवणारा त्याला वळसा घालून जायचा, आणि मंडळीही गाताना तिथं सवयीनं वळसा घ्यायची. आठवडाभर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. रविवारी मटण, नाहीतर भिगवणहून आलेली चिलापी. मला मासळी खाता यायची नाही. मावशी काटे काढून ताटात ठेवत आणि म्हणत, "डोंगरावरचा पोरगा पाण्यात पडलाय, जरा सांभाळून घ्या त्याला." हे त्या कुणाला सांगत ते कळत नसे. घरात आम्ही दोघंच होतो.

कॉलेजात मात्र मला सांभाळून घेणारं कुणी नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी मी कचेरीच्या दाराबाहेर सकाळपासून उभा राहिलो होतो; आत जायचं की बोलावतात, हेच माहीत नव्हतं. दुपारी शिपायानं दार लावून घेतलं, तेव्हा मी परत आलो. दुसऱ्या दिवशी मावशी बरोबर आल्या. दारात उभं राहायची ती भीती मी कधी विसरलो नाही. म्हणून चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, विचारलं तेव्हा मी, जो वर्गात हजेरीलाही पुटपुटत असे, चटकन "हो" म्हणालो.

त्याचं असं झालं. चर्चमागे एक लांबोडका हॉल होता. रविवारची शाळा सोडली तर तो रिकामाच. पाळकसाहेबांनी ठरवलं, गावात ज्यांना बसायला जागा नाही त्यांना तो द्यायचा, मग ते कुणी का असेनात. बायकांचा शिवणवर्ग येऊ लागला; त्यात मुसलमान घरांतल्या पोरी होत्या, माळ्यांच्या होत्या. म्हाताऱ्यांचं एक भजनी मंडळ येऊ लागलं, कारण त्यांच्या मारुतीच्या देवळाचं काम निघालं होतं. मंडळीतल्या काहींना हे पटलं नाही, पण पाळकसाहेब हसून म्हणत, "दार उघडं ठेवलं तर गंजत नाही." दारात मात्र कुणीतरी माणूस हवा होता. झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या, माठ भरायचा, आणि येणाऱ्याला "या" म्हणायचं. पगार नाही, काही नाही. आपखुशीचं काम.

सुरुवातीला माझ्या तोंडून "या"सुद्धा फुटेना. मग मला माझी किल्ली सापडली. आमच्याकडे माणूस भेटला की पहिलं विचारतात, पाव्हणं कुठलं? मग कुणाचं? मग तुमच्या गावात आमची अमकी दिलीय, तिला ओळखता का? चार प्रश्नांत कुठलंतरी नातं निघतंच, आणि नातं निघालं की माणूस सैल होतो. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं, पण हे येत होतं. शिवणवर्गातली एक पोरगी पहिल्या दिवशी दारातच रडवेली उभी होती. मी गाव विचारलं. तिचे आजोबा तात्यांकडून लोकर घ्यायचे असं निघालं, आणि ती हसत आत गेली. हळूहळू मी त्यात तरबेज झालो. पाळकसाहेब म्हणायचे, "तू तर चालती वंशावळ आहेस." मला त्याचा फार अभिमान वाटे. कॉलेजात जो कुणीच नव्हता, तो त्या पायरीवर कुणीतरी होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक नवा गट आला. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांचा. बाजारच्या दिवशी संध्याकाळी बसायचा, म्हणजे आसपासच्या गावांतून येणाऱ्याला घरी सांगायला कारण असे. गट चालवायचे चाचा. त्यांचं सायकलींचं दुकान होतं. एका बोटाला कायम वंगण. चाचांनी मला सतरंजी कुठं टाकायची ते सांगितलं, बिनसाखरेचा चहा कुणाला ते सांगितलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली होती की सांगावी लागते हेच सुचलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या बाजाराला एक नवा माणूस आला. उंच, गोरटेला, पांढरं धोतर, डोक्याला पटका. फाटकाशी तो दोनदा पुढं जाऊन परत फिरला. मग एकदम ठरवल्यासारखा आत आला, पायरीशी वाकला आणि पायातलं पायताण काढलं. जाड कातडी चपला होत्या, टायरच्या तळव्याच्या, अंगठ्याशी नवं ठिगळ. मी माठातलं पाणी पुढं केलं आणि माझं ठेवणीतलं वाक्य बोललो.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"हितलंच," तो म्हणाला. मग माझ्या हसऱ्या तोंडाकडं बघून, "इंदापूरकडचं."

"इंदापूरकडं? आमची आत्या दिलीय की तिकडं! गाव कुठलं तुमचं? आडनाव काय?"

त्यानं तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला. आतून कुणीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता. त्यानं आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पान खाऊन आलोच."

तो अनवाणीच गेला. पायताण पायरीवरच राहिलं, म्हणून मी निश्चिंत होतो. पायताण सोडून कोण जाईल? बैठक संपली, माणसं गेली, पानटपरीवाल्यानं फळी ओढली. तो आला नाही. रस्त्यावरचं डांबर अजून चटके देत होतं.

मी चाचांना सांगितलं. ते खाली पायरीवर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाळ," ते म्हणाले, "तुज्यापातूर यायला त्या मानसाला किती वर्सं लागली असतील म्हाईत हाय का? ह्या बैठकीला येणाऱ्याला गाव नसतंय. आडनाव नसतंय. गाव सांगितलं की सांजच्याला एस.टी.च्या आधी बातमी पोचती."

"मी शोधून काढतो," मी म्हणालो. "ठिगळ ओळखू येण्यासारखं आहे. इंदापुरातल्या चांभारांना दाखवलं की कोणीतरी सांगेल. नेऊन देतो, माफी मागतो."

"आनि त्याच्या दारात हुबा राहून काय सांगनार? 'दारूच्या बैठकीत इसरलं व्हतं'?"

चाचा उठले. "शोधायचं न्हाय. जागा ठिवायची. बास."

जागा ठेवायची म्हणजे काय, याचा मी रात्रभर पडवीत पडून विचार केला, आणि सकाळी माझं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता काही ठरवलं असेन. पुढच्या बाजारी मी ते पायताण पुसलं, उन्हानं कातडं तडकू नये म्हणून करंजाचं तेल लावलं, आणि संध्याकाळी त्यानं ठेवलं होतं तिथंच, तोंड आतल्या बाजूला करून, पायरीवर ठेवलं. बैठक संपली की उचलून आत. दर बाजारी हेच. तो रस्त्यावरून गेला तर त्याला दिसावं, एवढंच. दिसलं तर घालून निघून जावं, कुणाशी बोलू नये, हेही चालेल. पण जागा मोडलेली नाही, हे कळावं.

थट्टा व्हायचीच. गटातले लोक येता येता म्हणायचे, "भरत, राम आला का न्हाय अजून?" सुशीलामावशी वैतागायच्या, "मेल्या, परीक्षा जवळ आली आन् हा लोकाचं पायताण चोळत बसलाय!" पण तेल संपलं की कोपऱ्यात नवी बाटली दिसे.

मोठी पंचाईत तात्यांनी केली. एका बाजारी ते मला भेटायला आले, घोंगडं टाकून पायरीशी ऐसपैस बसले, आणि मी माठ भरून येईपर्यंत चाचांच्या गटातल्या एकाला अडवून विचारत होते, "कुठलं पाव्हणं?"

मी धावतच गेलो. "तात्या, इथं विचारायचं नाही."

"का रं? गाव न इचारता मानूस आत सोडायचा? त्यो पोलीस हाय का चोर हाय, कळायचं कसं?"

"नुसतं 'या' म्हणायचं."

"नुसतं या?" तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कॉलेजात वाया गेलोय. मग पुढचा माणूस फाटकातून येताना पाहून त्यांनी घसा खाकरला आणि मेंढरांना घालतात तशी साद घातली, "या... या... या..."

चाचा दारातून हसत बाहेर आले. "तात्या, मानसं हायती ती, मेंढरं न्हायती!"

"मंग बरोबर हाय," तात्या म्हणाले. "मेंढराला तरी कुठं गाव इचारतो आमी?"

जाताना त्यांनी घोंगडं उचललं नाही. "थंडीत सतरंजी चावती," म्हणाले आणि एस.टी.कडं निघाले. आमच्यात घोंगडं उगाच कुणासाठी अंथरत नाहीत; मानाच्या पाहुण्यालाच. ते हॉलमध्ये दाराजवळ अंथरलेलं राहिलं, आणि नव्यानं येणारा त्यावरच बसू लागला.

पावसाळा गेला. त्या वर्षी दिवाळीनंतर इंदापूरकडं आत्याच्या दिराचं लग्न निघालं. मी जेवणाच्या पंगतीत वाढत होतो. वाढत वाढत एका पानाशी आलो आणि हातातली बुंदीची परात तशीच राहिली. तोच होता. भरजरी फेटा, कपाळाला गंध, दोन्ही बाजूंना मानाची माणसं. त्यानंही मला ओळखलं. घास घेतलेला हात पानावरच थांबला.

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, शेजारीच होते. "आरं, वाढ की! हे आमचं आबा. पंचक्रोशीतली लग्नं ह्यांच्या शब्दावर जुळत्यात. औंदा त्यांच्याच लेकीचं हाय, आजच पाव्हणं बगून गेलं." मग आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "ओळखता व्हय एकमेकाला?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. ज्याचा शब्द म्हणजे लग्नाची सुपारी, त्याच्याबद्दल एक कुजबुज उठली की शब्द गेला, आणि लेकीची सोयरीकही गेली. आबांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळत होतं. माझा आवाज मात्र कापला नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच भेटतोय."

आबांनी ओठ ओले केले. रीत म्हणून त्यांना विचारावंच लागलं. "गाव कुठलं, पाव्हणं?"

"कऱ्हाटी. शिकायला बारामतीला असतो, चर्चच्या आवारात. बाजारच्या दिवशी दारात पाणी द्यायला मीच असतो." मी बुंदी वाढली. "पहिल्यांदा फार चौकशा करायचो. आता कुणाला काही विचारत नाही. आमच्या तात्यांनी तर तिथं घोंगडं अंथरून ठेवलंय."

मामा खो खो हसले. "धनगराचं घोंगडं किरिस्तावाच्या देवळात! ऐका आबा!" आबा हसले नाहीत. घोंगडं कुणासाठी अंथरतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली आणि बुंदीचा कण अन् कण संपवला.

मी बारामतीला परतलो. पुढच्या बाजारी पायताणाला दोनदा तेल लावलं. तो आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. परीक्षा जवळ येत चालली होती. मग एका संध्याकाळी मी मागच्या नळावर माठ भरायला गेलो, येऊन पाहतो तर पायरी रिकामी. पायताण नव्हतं. मी हॉलमध्ये डोकावलो. आत सगळे ओळखीचेच. टपरीवाल्यानं काही पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं कुत्र्यानं नेलं, कुणी म्हणालं चोरानं. मावशी म्हणाल्या, "पायताण चोरीला गेलं की पीडा टळती म्हणतात. जा, अभ्यासाला बस." मी चाचांकडं पाहिलं तर ते वंगणाचं बोट पुसत होते, बराच वेळ.

परीक्षा झाली, मग नोकरी दूर लागली. निघताना मी घोंगडं तिथंच ठेवलं. पुढं आत्याकडं कितीदा गेलो, पण आबांचं नाव कधी काढलं नाही. विचारलं असतं तर का विचारतोस, हा पुढचा प्रश्न आला असता. आम्ही एका प्रश्नावर थांबणारी माणसं नव्हे. मामा गेले, आत्या गेली. न विचारणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. मला ते आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम वाटलं, आणि ते मी नेटानं केलं, एवढं मात्र म्हणू द्या.

परवा दत्ताचा फोन आला तो आबा गेल्याचं सांगायला. "तू कशाला वळखशील म्हणा, एकदाच बुंदी वाढली व्हतीस त्यास्नी." मग म्हणाला, दहाव्याला नदीवर इतकी माणसं आली की घरच्यांनाच उमगेना ही कोण. कुणी भिगवणची, कुणी पार दौंडाकडची. एकमेकांना नावानं ओळखत होती, पण कुणाचं गाव विचारलं तर दुसऱ्याला सांगता येईना. आबा पूर्वी प्यायचे. लेकीचं लग्न उरकल्यावर त्यांनी हे स्वतःच भर मांडवात सांगितलं होतं, आणि तरी लोक त्यांच्याकडं सोयरिकीला येत राहिले. मग काही वर्षं दर बाजारी ते बारामतीला जात; मी तोवर तिथून निघून गेलो होतो. पुढं दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक त्यांनी गावात आपल्याच गोठ्यात सुरू केली. वय झालं तरी दारात स्वतः पाणी घेऊन बसत.

"आनि एक गंमत सांगतो," दत्ता म्हणाला. "दाराशी एक जुनंपानं पायताण असायचं. टायरचं. त्याला तेल लावायचे म्हातारबाबा, सवता. कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. आमी पोरं इचारायचो, आबा, हे कुनाचं? तर म्हनायचे, पान खायला गेलाय. यील."